बिननंबरी

"हिला दिवा नाही, आरसा नाही, भोंगा नाही, मागं माणूस बसवायला जागा नाही," मुनीश्वर साहेब गाडीभोवती फेरी मारून म्हणाले. "मग मी विमा नेमका कशाचा उतरवायचा?"

"गाडीचा," मी म्हणाले.

"ही गाडी आहे?"

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत विमा कंपनीच्या ऑफिससमोर आमची डर्ट बाईक टेम्पोतून उतरवून ठेवली होती. उंच, हडकुळी, टायरांना गाठीच गाठी. सायलेन्सर सीटच्या बगलेतून वर गेलेला, पुढचं मडगार्ड चाकापासून वीतभर अधांतरी. नंबर नसल्यामुळं तिला रस्त्यावर चालवायची सोय नव्हती, म्हणून दोरीनं बांधून आणलेली. पाच मिनिटांत तिच्याभोवती पंधरा माणसं जमली. शेजारचा चहावाला म्हणाला, "ताई, बैलगाडा शर्यतीत बैलाऐवजी जुंपता का हिला?"

मुनीश्वर साहेब हसले नाहीत. पन्नाशीचा, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावणारा नेमस्त माणूस. त्यांनी मला वर नेलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "नाव?"

"वैजयंता साळोखे. उद्यमनगरातल्या आनंदा मेस्त्रींची मुलगी."

"शर्यतीतले आनंदा मेस्त्री?" त्यांनी चष्मा वर केला. "आणि आत्ता विमा कशाला आठवला?"

मी दूध संघाचं पत्र पुढं केलं. मी पशुधन पर्यवेक्षकाचा डिप्लोमा केला होता आणि संघानं मला गगनबावड्याच्या वाड्यांवर जनावरं तपासायला नेमलं होतं. खाली एक अट होती, घरचं नोंदणी केलेलं आणि विमा उतरवलेलं दुचाकी वाहन पाहिजे. पंधरा दिवसांत कागद दाखवा, नाहीतर यादीतला पुढचा उमेदवार. मैत्रिणीची मोपेड मागून मी तिकडं जाऊन बघितलं होतं. पहिल्याच चढाला तिनं मान टाकली. त्या लाल मातीच्या वाटेवर चढेल अशी एकच गाडी माझ्या ओळखीची होती, आणि ती आमच्या वर्कशॉपमध्ये घोंगडं पांघरून उभी होती.

"आरटीओत गेले होते," मी म्हणाले. "ते म्हणाले आधी विमा आणा."

"बरोबर म्हणाले. आधी विमा, मग नंबर. पण विम्याच्या आधी खरेदीचा कागद. चॅसी नंबर, इंजिन नंबर, मालकाचं नाव, आणि गाडी रस्त्यालायक असल्याचा कंपनीचा दाखला. तो आणा, दिवे लावा, त्या दिवशी विमा देतो." मग त्यांनी एक छापील कागद माझ्याकडं वळवला आणि एका ओळीवर पेन टेकवलं. "आणि हे वडिलांना वाचून दाखवा. शर्यतीत पळवली, की विमा संपला."

ही एकोणीसशे नव्व्याण्णव सालची गोष्ट. मी बावीस वर्षांची होते.

गाडी आबांनी नव्वद साली नवीकोरी घेतली होती. आली तेव्हा ती चारचौघींसारखी मोटरसायकल होती. आबांनी पंधरा दिवसांत तिचे दिवे, आरसे, लांब सीट सगळं उतरवलं, हँडल उंच केलं आणि तिला मातीत घातली. पुढची सात वर्षं कोल्हापूर, सांगली, बेळगाव, जिथं मातीचा ट्रॅक आखला जाईल तिथं आनंदा मेस्त्री. आई प्रत्येक शर्यतीला यायची, पण ट्रॅककडं पाठ करून बसायची आणि ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरशी गप्पा मारायची. सत्त्याण्णव साली आबांचं गळपट्टीचं हाड मोडलं, त्यानंतर त्यांनी शर्यत सोडली. म्हणजे सोडली असं ते कधी म्हणाले नाहीत. दर रविवारी घोंगडं काढायचे, एक किक मारायचे, कान देऊन ऐकायचे आणि परत घोंगडं घालायचे.

त्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते कार्बोरेटर पुसत होते.

"दिवं लावीन," ते म्हणाले. "भोंगा लावीन. पर कागद कुठला आणू? कागद त्याच सालात हरवला. शोरूमवाल्यानं कुठं घातला देव जाणे. लई भांडलो मी त्याच्यासंगं. शोरूम बी बंद पडलं. हिच्या कपाळात रस्ता न्हाई, वैजू."

हे बोलताना त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण थोडी सुटकाही होती. कागद मिळणार नाही, म्हणजे ती शर्यतीची ओळ वाचायची वेळ येणार नाही.

बंद पडलेल्या शोरूममधले कारकून होते बोंद्रे. त्यांचा पत्ता शोधायला मला तीन दिवस लागले. कळंब्याजवळ त्यांनी स्टेशनरीचं दुकान काढलं होतं. आबांचं नाव काढताच त्यांनी हात जोडले.

"ताई, आता परत भांडायला आलाय का?"

"नाही हो. कागदाची नक्कल मिळेल का विचारायला आले."

"नक्कल कशाला? अस्सल कागदच दिलाय मी."

"आबांना?"

"मेस्त्रींना नाही. घरातनं बाई आल्या होत्या. अंजिरी साडी, कपाळाला मोठं कुंकू. सही करून घेतलीय मी. मेस्त्री भांडायला आले तेव्हा मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याच बाई त्यांच्या पाठीमागनं मला हात जोडून खुणावत होत्या. मग काय बोलणार? शिव्या खाल्ल्या झालं."

"त्या तुम्हाला काय म्हणाल्या होत्या, कागद घेताना?"

बोंद्रे हसले. "म्हणाल्या, ह्या कागदाबिगर गाडी रस्त्यावर येती का? मी म्हटलं, नाही येत. तर त्यांनी घडी घातली आणि पिशवीत टाकला."

घरी आले तेव्हा आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले, एक मूठ शेंगा घेतल्या.

"आई, बोंद्रे भेटले होते."

तिचा हात थांबला नाही. "बरं हाईत का?"

"कागद तुझ्याकडं आहे."

"हाय की." तिनं चार दाणे तोंडात टाकले. "मी न्हाई कधी म्हटलं? मला कुणी इचारलंच न्हाई."

"नऊ वर्षं, आई!"

"तू सातवीत हुतीस," ती म्हणाली. "गाडी आली त्या आठवड्यात तुझं आबा बिननंबरची घेऊन जोतिबाच्या डोंगराला गेलं. आलं ते शर्टाची बाही फाटलेली, कोपरातनं रगत. आणि मला काय सांगाय लागलं? वळणावर एसटी मागं टाकली म्हणून! हसत हुतं, पोर हसतंय तसं. मी म्हटलं, हा माणूस काय गाडी सोडणार न्हाई. सोडू दे नको. पर मैदानात पडलं तर समोरनं ट्रक येत न्हाई. आजूबाजूला चार माणसं असत्यात, ॲम्ब्युलन्स असती. म्हणून कागद आणला आणि ठेवून दिला. मातीनं संभाळलं बघ त्यांना."

आबा इतकी वर्षं जिला नशीब म्हणत होते, ती समोर बसून शेंगांची फोलपटं पाखडत होती.

"मग आता मला दे."

"न्हाई."

"आई, माझी नोकरी आहे ती."

"मला रस्ता दाव आधी. तू कुठं चालवणार, ती वाट मी माझ्या डोळ्यांनी बघणार. मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही गगनबावड्याला गेलो. फाट्यावर उतरलो आणि कातळवाडीची वाट धरली. वाट कसली, पावसानं कोरून काढलेली लाल घळ. दोन तास चढ. आई एकदाही थांबली नाही, फक्त प्रत्येक वळणावर खाली दरीत डोकावून बघायची आणि "हं" म्हणायची. त्या प्रत्येक "हं" बरोबर माझी नोकरी एकेक हात लांब जाते आहे असं मला वाटत होतं.

वाडीत पाऊल ठेवतोय तोच एक म्हातारी धावत आली. सोनाबाई बोडके तिचं नाव, ते नंतर कळलं. माझ्या खांद्यावरची पिशवी बघून तिनं थेट विचारलं, "संघाची डॉक्टरीन का?"

"अजून नाही, मावशी. पुढच्या महिन्यात..."

"म्हस पुढल्या म्हैन्यापतूर थांबंल व्हय?"

गोठ्यात म्हैस होती, डावी कूस नगाऱ्यासारखी फुगलेली. जीभ बाहेर, श्वास तुटक. कोवळा ओला चारा भरमसाट खाल्ला होता. माझ्याकडं औषध नव्हतं, मी फक्त वाट दाखवायला आले होते. पण शिकवलेलं आठवलं.

"गोडेतेल आणा, अर्धा लिटर. ओवा आणि हिंग. आणि एक जाड काठी. आई, शिंगं धर!"

आईनं पदर खोचला आणि शिंगं धरली. मी काठी म्हशीच्या तोंडात आडवी घालून दोरीनं शिंगांना बांधली, म्हणजे ती चघळत राहील आणि पोटातला वारा वर येईल. मग काठीच्या बाजूनं थोडं थोडं तेल पाजलं. पुढचे पाय उंचवट्यावर घेतले आणि कूस चोळायला लागले. वीस मिनिटं काहीच झालं नाही. सोनाबाई देवाला नवस बोलत होती, आई म्हशीला शिव्या देत होती. आणि मग म्हशीनं एक ढेकर दिली. अशी ढेकर, की कोंबड्या उडून कौलावर गेल्या. दुसरी ढेकर तिनं बरोबर आईच्या तोंडावर दिली.

"आगं आई गं!" आई ओरडली, पण शिंगं सोडली नाहीत.

म्हशीची कूस उतरली. सोनाबाईनं आम्हाला ताक दिलं आणि आईच्या शेजारी टेकून म्हणाली, "गेल्या सालाला एक अशीच गेली माझी. डॉक्टर फाट्यापतूर आलं हुतं. गाडी चढंना, म्हणून माघारी गेलं. माणूस तर काय करणार? ह्या वाटंला पंख पायजेत."

आई ताकाचं भांडं हातात घेऊन बराच वेळ त्या म्हशीकडं बघत बसली.

संध्याकाळच्या एसटीनं आम्ही माघारी आलो. कोल्हापुरात उतरल्यावर आई घराकडं न वळता सरळ वर्कशॉपमध्ये गेली. आबा बाकड्यावर बसून एका इंजिनात डोकं घालून होते. त्यांच्या डोक्यावर भिंतीला त्यांचाच फोटो लावलेला, पहिल्याच वर्षीच्या बेळगावच्या शर्यतीचा, हवेत उडी मारलेली गाडी आणि वर आबा. आईनं स्टूल घेतलं, वर चढली, फोटो खाली काढला आणि मागचा पुठ्ठा उचकटला. आत घडी घातलेले दोन कागद होते.

"घ्या," ती आबांना म्हणाली.

आबांनी हात पुसले. कागद उलगडले. वाचले. फोटोकडं बघितलं, बाकड्याकडं बघितलं, मग आईकडं.

"हितं हुतं?"

"हितंच."

"माझ्या डोसक्यावर?"

"नऊ वर्षं."

मला वाटलं, आता भडका उडणार. आबा तसे तापट. त्यांनी कागद पुन्हा वाचले, खाली ठेवले आणि म्हणाले, "अगं, मी त्या बोंद्रेला काय काय बोललो! त्याच्या बापाचा उद्धार केला मी!"

"जाऊन माफी मागा."

"मी मागू?"

"मग कोण, मी?"

आबा हसायला लागले. गळपट्टीचं हाड दुखेपर्यंत हसले. मग हळूच म्हणाले, "एकदा बोलली असतीस तर."

"बोलले असते तर ऐकलं असतं का?"

आबांनी प्रामाणिकपणानं विचार केला. "न्हाई," ते म्हणाले.

त्या आठवड्यात माळ्यावरून जुने सुटे भाग खाली आले. दिवा लागला, आरसे लागले, लांब सीट बसली. एकेक वस्तू लावताना आबा असं तोंड करायचे की पैलवानाला कुणी झबलं घालतंय. मुनीश्वर साहेबांकडं सही करायला ते स्वतः आले. शर्यतीची ओळ त्यांनी स्वतः वाचली, बोट ठेवून, दोनदा. पेन कागदाच्या वर धरून थांबले.

"सायेब, एक इचारू? मातीत चालवली, पर शर्यत नसली, तर चालतंय न्हवं?"

"चालतं की. मातीला आमची हरकत नाही, मेस्त्री."

"मग गगनबावड्याला सगळी मातीच हाय," आबा म्हणाले आणि सही केली. सही करून झाल्यावर पेन मुनीश्वर साहेबांच्या खिशाला त्यांनीच परत लावलं.

गाडी टेम्पोत घालून आरटीओत तपासणीला आम्ही तिघंही गेलो. मुदतीला पाच दिवस उरले होते. मगदूम साहेब नावाचे इन्स्पेक्टर होते. जाड मिशा, हातात लाकडी पॅड. त्यांनी चॅसी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली, ठसा उमटवला, आमच्या कागदाशी एकेक आकडा ताडून बघितला. "नव्वद सालची गाडी आणि जन्मनोंद आत्ता?" ते म्हणाले. "आमच्या गावाकडं म्हाताऱ्यांची अशी असते." उशिराचा दंड भरायला लावला. दिवा बघितला. भोंगा वाजवला. मागं गेले आणि थांबले.

"साडीगार्ड कुठाय?"

आबा या प्रश्नाचीच वाट बघत होते. तेवढी एक वस्तू त्यांनी मुद्दाम लावली नव्हती.

"सायेब, ही मातीतली गाडी. हिच्यावर साडी नेसून कोण बसणार?"

मगदूम साहेब काही बोलायच्या आत पाठीमागून आवाज आला.

"मी."

आई होती. पिशवी छातीशी धरून, अंजिरी साडीत, ताठ उभी. आबा वळून तिच्याकडं बघत राहिले. नऊ वर्षांत तिनं त्या गाडीला कधी बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"ऐकलंत ना?" मगदूम साहेब म्हणाले. "चारपर्यंत मी इथंच आहे."

आबांनी रस्ता ओलांडून पार्टच्या दुकानातून साडीगार्ड आणलं. ते वर गेलेल्या सायलेन्सरला अडत होतं. फुटपाथवर मांडी घालून त्यांनी ते हातोडीनं ठोकून, वाकवून, पुन्हा ठोकून बसवलं. एक कोपरा धारदार राहिला होता, तो कानस घेऊन घासला. मग स्वतःच्या शर्टाचं टोक त्यावरून ओढून बघितलं, अडकतंय का. अडकत नव्हतं. पावणेचारला मगदूम साहेबांनी गार्ड हलवून बघितलं आणि कागदावर शिक्का मारला.

तीन दिवसांनी आरसी बुक हातात आलं. आरटीओच्या फाटकाबाहेर, टेम्पोतून उतरवलेल्या गाडीच्या पाटीवर पेंटरनं नंबर रंगवून दिला. रंग वाळेपर्यंत आम्ही तिघं पाटीकडं बघत उभे होतो, बारशाला बाळाकडं बघतात तसे. संघाच्या साहेबांना विमा आणि आरटीओच्या शिक्क्याचा कागद दाखवून मी आधीच होकार घेतला होता, सोमवारी हजर व्हायचं होतं. मी किल्ली लावायला पुढं झाले.

आबा घसा खाकरून म्हणाले, "वैजू, घरापतूर... मी घेऊ का?"

मी आईकडं बघितलं. आबाही तिच्याकडंच बघत होते. आईनं पदर कमरेला खोचला, पिशवी माझ्या हातात दिली आणि आबांच्या खांद्याला धरून मागं चढून बसली.

"चला. तू बसनं ये गं."

आबांनी एका किकमध्ये गाडी चालू केली. फाटकाबाहेर वळताना त्यांनी हात दाखवला, आरशात बघितलं, भोंगा वाजवला. रस्ता पूर्ण मोकळा होता.

मी बसनं घरी आले तेव्हा साडेअकरा झाले होते. ते दोघं आले नव्हते. एक वाजला, दोन वाजले. मी वर्कशॉपमध्ये जाऊन आले. शेवटी भात टाकला, एकटीनंच जेवले आणि दारात बसून राहिले. पाच वाजता गल्लीच्या तोंडाला तो ओळखीचा आवाज आला.

आईचा अंबाडा सुटला होता. केस वाऱ्यानं पिंजारलेले, तोंड लालबुंद. आबा असे उतरले की जणू काही झालंच नाही.

"कुठं होता तुम्ही?"

"पन्हाळ्याला," आई म्हणाली. "झुणका-भाकरी खाल्ली. दही लई ग्वाड हुतं."

"घाटानं गेलात?"

"मग काय उडून?" असं म्हणून ती आत पाणी प्यायला गेली.

आबा माझ्याजवळ वाकले. "तुझी आई मागं बसून काय म्हणत हुती, ठाऊक हाय?"

"हळू चालवा?"

"पहिल्या वळणापतूर तेच म्हणाली."

"आणि मग?"

"काय सांगाय लागलाय तिला?" आतून आईचा आवाज आला.

"काय न्हाई, काय न्हाई!" आबा सरळ झाले.

आई पदराला तोंड पुसत बाहेर आली. आबांच्या हातातून तिनं किल्ली घेतली आणि माझ्या तळहातावर ठेवली. माझी बोटं मिटायच्या आत म्हणाली,

"सोमवार ते शनिवार तुझी. रविवारी मातर आमची."